मास्क बदलून नाकाचा मिळणेबाबत व घरी दुखवटा नसलेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
ज्येष्ठ नागरिक श्वसन साधन वाटप केंद्र,
लातूर.

अर्जदार: शेषेराव मारोतराव टेकाळे, वय ७१, धंदा शेती, रा. मौजे बोरगव्हाण, ता. अहमदपूर, जि. लातूर.

विषय: सी-पॅप यंत्रासोबत मिळालेला मास्क तोंडाला बसत नसल्याने बदलून मिळणेबाबत, तसेच माझ्या घरी कोणीही मयत झालेले नसलेबाबत.

संदर्भ: १) माझा पहिला अर्ज, जो आपल्याकडून जनावरांच्या दवाखान्याकडे गेला.
२) माझा दुसरा अर्ज.
३) आपले पत्र, ज्यात मृत्यू प्रमाणपत्र मागितले आहे.

महोदय,

१. मला झोपेत श्वास थांबण्याचा आजार आहे. डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. नांदेडच्या दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा हे नाव कळले, तोपर्यंत घरात त्याला घोरणे म्हणत होतो. झोप लागली की माझा श्वास अडतो, छाती हलायची थांबते, आणि थोड्या वेळाने पाण्यात बुडी मारलेली म्हैस वर यावी तसा मी दम घेतो. यातले मला स्वतःला काहीच ठाऊक नाही, कारण त्या वेळी मी झोपलेला असतो. ही सर्व माहिती माझी पत्नी सौ. कस्तुराबाई यांची आहे. त्या कित्येक वर्षांपासून माझ्या पोटावर हात ठेवून बसतात आणि पोट हलायचे थांबले की मला गदागदा हलवतात. नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांना विचारले, "आजी, मग तुम्ही झोपता कधी?" त्या म्हणाल्या, "हे उठल्यावर." आणि मी उठलो की गोठा, चूल आणि रान असते, हे आपणास सांगायला नको.

२. आपल्या केंद्राने झोपेत श्वास अडू नये म्हणून मला हवा सोडणारे सी-पॅप यंत्र दिले, त्याबद्दल मी आभारी आहे. यंत्र उत्तम आहे, हवा भरपूर सोडते. तक्रार एवढीच की ती हवा माझ्यात येत नाही. ती मास्कच्या कडेने निघून जाते. डावीकडची माझ्या डोळ्यात जाते व उजवीकडची कस्तुराबाईच्या कानात. पट्टे आवळले तर नाकाच्या हाडावर जखम होते, सैल केले तर शिटी वाजते. पहिल्या दिवशी ती शिटी ऐकून शेजारच्या धोंडाबाई आपल्या घरात कुकर उतरवायला उठल्या होत्या. त्यांच्या घरी तेव्हा कुकर लावलेलाच नव्हता.

३. याबाबत मी पहिला अर्ज केला. त्यात चूक माझी झाली, ती मान्य आहे. कोळपताना बैलाने पिकाला तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडाला जे बांधतात त्याला आमच्याकडे मुसके म्हणतात. माझ्या मास्कलाही सारे गाव तेच म्हणते. मी पन्नाशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकलो. तिथे सांगितले होते की जसे बोलता तसे लिहा. म्हणून मी लिहिले, "मिळालेले मुसके तोंडाला बसत नाही, कडेने फुगते, जीव घाबरा होतो, तरी तोंड मोजून दुसरे मुसके द्यावे." आपल्या कार्यालयाने तत्परता दाखवून अर्ज जनावरांच्या दवाखान्याकडे वर्ग केला. तेथील शिवशंकर डॉक्टर टेप घेऊन माझ्या दारात आले व म्हणाले, "कुठाय पेशंट?" मी म्हणालो, "मीच हाव." ते सज्जन आहेत, हसले नाहीत. निदान माझ्यासमोर हसले नाहीत. आलोच आहोत तर म्हणून त्यांनी बैलाला लाळ्या-खुरकताची लस टोचली. आजतागायत माझ्या तीन अर्जांपैकी ज्याचा काही उपयोग झाला तो हाच.

४. दुसऱ्या अर्जात मी औषधाच्या दुकानाची पाटी पाहून मास्क हा शब्द बरोबर लिहिला. तेव्हा आपण मला लातूरला बोलावले. आपले तंत्रज्ञ श्री. दयानंद यांनी माझ्या चेहऱ्याचे माप घेतले. येथे नम्रपणे सांगतो की माझे दात कवळीचे आहेत. माप दुपारी घेतले, कवळी तोंडात होती, गाल भरलेले होते. झोपताना कवळी पाण्याच्या वाटीत असते व गाल तिच्यासोबत निघून जातात. म्हणजे मोजले ते एक तोंड आणि झोपते ते दुसरे. हे मी श्री. दयानंद यांना सांगितले. ते म्हणाले, "बाबा, कवळीसाठी रकाना न्हाई." मी म्हणालो, मग कवळी घालून झोपू का? तर दातांच्या डॉक्टरांनी तशी सक्त मनाई केलेली आहे. शेवटी श्री. दयानंद यांनी निरखून पाहिले आणि सांगितले की खरी अडचण मिशीची आहे, केसांमधून हवा निसटते. मिशी साफ काढा, मग आमचा माणूस तुमच्या घरी येऊन मास्क बसवून पाहील.

५. महोदय, आपण कोणत्या भागातील आहात मला ठाऊक नाही. आमच्याकडे माझ्या वयाचा माणूस मिशी उगाच काढत नाही. आई, बाप नाही तर थोरला भाऊ गेला तरच काढतो. हे मला माहीत होते, परंतु कस्तुराबाईची झोप मिशीपेक्षा मोठी असे ठरवून मी सकाळी सकाळी अमरनाथ न्हाव्याकडे गेलो व म्हणालो, "मिशी काढ." त्याने एक शब्द विचारला नाही. वस्तरा चालवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी घरी पोचेपर्यंत ओसरीवर माणसे जमली होती. माझे आई-वडील केव्हाच वारलेले असल्याने सर्वांनी आपापल्या मनाने हिशेब केला की नायगावचे माझे थोरले बंधू ज्ञानोबा गेले.

कोणीही गेलेले नाही, हे मी सांगून पाहिले. लोक म्हणाले, दुःखात माणूस असेच बोलतो. हवा गळत होती म्हणून काढली असे सांगितले, तेव्हा दोघांनी मला धरून खाली बसवले व पाणी पाजले. मला बिनमिशीचा पाहून कस्तुराबाईने तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या, हे मला त्यांच्या खांद्यावरून कळत होते, परंतु बायकांनी त्याचा अर्थ वेगळा घेतला व त्यांच्याभोवती बसून गळा काढला. दुखवट्याच्या घरी चूल पेटवत नाहीत म्हणून धोंडाबाईंनी पिठलं-भाकरी आणली. तेवढ्यात गावातील एक जीप भरून माणसे मातीला म्हणून नायगावला निघूनही गेली होती.

नायगावला बंधू दारात बसून शेंगा फोडत होते. जीपमधील मंडळी रडत खाली उतरली आणि बंधूंनी त्यांनाच विचारले, "कोण गेलं रं?" 

६. नेमके त्याच दुपारी आपल्या केंद्राचे कर्मचारी मास्कची चाचणी घेण्यास माझ्या घरी आले. ओसरीवरील देखावा पाहून त्यांनी चपला बाहेर काढल्या, मान खाली घालून थोडा वेळ बसले आणि मला नमस्कार करून निघून गेले. मी त्यांच्या मागे फाट्यापर्यंत गेलो. "साहेब, मास्क बसवून बघा ना," असे मी म्हणालो. ते म्हणाले, "काका, आज राहू द्या. स्वतःला सांभाळा." त्यांच्या माणुसकीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मास्क मात्र त्यांच्या पिशवीतच राहिला.

७. त्यानंतर आपले पत्र आले. त्यात लिहिले आहे की घरी दुखवटा असल्याने चाचणी होऊ शकली नाही; सबब मयत नातेवाइकाचे मृत्यू प्रमाणपत्र महिनाअखेर सादर करावे, अन्यथा लाभार्थ्याने चाचणीस नकार दिला असे समजून यंत्र परत घेण्यात येईल. मी नायगावला जाऊन ग्रामपंचायतीत चौकशी केली. बंधू जिवंत असेपर्यंत तसे प्रमाणपत्र मिळत नाही असे समजले. तिथून बंधूंच्या घरी गेलो, तर ते म्हणाले, "शेषा, तू मला जित्तेपणी पोचवलास, आता कागद मागायला आलास व्हय?" तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. तरीही माझ्या अडचणीपायी त्यांनी वहिनींच्या मार्फत कळवले आहे की आपण बोलावल्यास ते लातूरला स्वतः हजर राहून जिवंत असल्याचे दाखवतील. अट एकच, माझ्यासोबत एका गाडीत येणार नाहीत.

८. दरम्यानच्या काळातील एक गोष्ट नोंदवतो. मागल्या आठवड्यात कस्तुराबाई भाकरी थापता थापता बसल्या जागी पेंगल्या व त्यांचा हात तव्यावर टेकला. मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले आहेत. मी विचारले, "दुखतंय का?" तर म्हणाल्या, "दुखतंय ते बरं हाय, जागी तर राहीन." आपल्या पत्रात लाभार्थी म्हणून माझे एकट्याचे नाव आहे. श्वास माझा थांबतो हे खरे, पण आजार आमच्या दोघांचा आहे.

९. त्यांचा हात दाखवण्यास आम्ही नांदेडला गेलो. तपासणीच्या वेळी ओळख झालेल्या तंत्रज्ञ वर्षाराणीताई तिथे भेटल्या. माझ्या नाकावरची जखम पाहून त्यांनी कपाटातून एक लहानसा मास्क काढला. तो तोंड झाकत नाही. दोन मऊ बोंडे नाकपुड्यांना टेकतात, एवढाच तो असतो. त्यांनी आधी मला कवळी काढायला लावली, मग तो बसवला, आणि तोंड उघडे पडू नये म्हणून हनुवटीखालून एक पट्टा बांधला. यंत्र सुरू केले. मी खुर्चीत बसलो होतो. शिटी वाजली नाही, डोळ्यात वारा आला नाही. पुढचे मला आठवत नाही.

मी जागा झालो तेव्हा अहमदपूरची बस निघून गेली होती. शेजारच्या बाकावर कस्तुराबाई उशाला पिशवी घेऊन गाढ झोपल्या होत्या. वर्षाराणीताईंनी आम्हा दोघांनाही उठवले नव्हते. कस्तुराबाई दचकून उठल्या, माझ्या पोटावर हात ठेवला व म्हणाल्या, "तुम्हाला कुणी हलवलं?" मी म्हणालो, कुणीच नाही. त्यांनी हात पोटावरच ठेवला. मग म्हणाल्या, "मंग तुम्ही जिते कसे?"

१०. तो मास्क दाखवण्यापुरता असल्याने वर्षाराणीताईंना देता आला नाही. मी लातूर जिल्ह्यातील रहिवासी असल्याने तो आपणच द्यायचा आहे. आपल्या केंद्रात चौकशी केली असता सांगण्यात आले की माझी नोंद 'तोंडाने श्वास घेणारा' अशी असल्याने मला नाकाचा मास्क देता येत नाही. महोदय, तोंडाला पट्टा बांधल्यावर मी नाकाने श्वास घेतो, हे नांदेडला सिद्ध झाले आहे. माझी तपासणी नांदेडला, यंत्र लातूरचे, आणि नाक दोन्हीकडे एकच आहे. तरी आपण माझी नोंद दुरुस्त करावी.

११. सबब विनंती अशी की:

अ) मला नाकपुड्यांचा लहान मास्क व हनुवटीचा पट्टा देण्यात यावा, आणि त्याचे माप कवळी काढून घेण्यात यावे.

आ) माझ्या घरी दुखवटा नव्हता, केवळ मिशी काढलेली होती, अशी नोंद घेऊन मृत्यू प्रमाणपत्राची अट माफ करण्यात यावी.

इ) यंत्र परत नेणे तूर्त थांबवावे. मास्क गळका असला तरी त्यातली थोडीफार हवा माझ्यापर्यंत पोचते व तेवढ्या वेळापुरते कस्तुराबाईंचे हलवणे कमी होते.

ई) वरीलपैकी काहीच नियमात बसत नसेल आणि यंत्र न्यावेच लागत असेल, तर खुशाल न्यावे. मात्र त्याच्या बदली आपल्या केंद्राचा एक कर्मचारी रात्रपाळीला माझ्या घरी पाठवावा. त्याने माझ्या पोटावर हात ठेवून बसावे व पोट थांबले की मला हलवावे. काम अवघड नाही. कस्तुराबाई पहिले दोन दिवस त्यास शिकवतील, त्यानंतर त्या आतल्या खोलीत झोपतील. कर्मचाऱ्यास जेवण आमच्याकडे राहील. हे काम कस्तुराबाईंनी आजवर कोणत्याही आदेशाविना केलेले आहे, त्यामुळे तशी जागा मंजूर आहे की नाही हे मला सांगता येत नाही.

अर्ज लांबल्याबद्दल क्षमा असावी. खरे तर एका पानात आटोपणार होते. पण दुपारच्या जेवणानंतर मी लिहायला बसलो आणि मी जागा आहे असे पाहून कस्तुराबाई माझ्या बाजूलाच भिंतीला टेकल्या व त्यांना झोप लागली. अर्ज संपला की माझाही डोळा लागेल आणि त्यांना उठावे लागेल, म्हणून जेवढे आठवत गेले तेवढे लिहीत राहिलो. त्यांची सहीही घ्यायची होती. ती घेतलेली नाही, त्यांना उठवावे लागले असते.

आपला नम्र व तूर्त जागा,

शेषेराव मारोतराव टेकाळे
मौजे बोरगव्हाण
दि. ९ ऑक्टोबर २०२५, दुपार

सोबत:
१) नांदेड येथील तपासणीचा अहवाल, छायाप्रत.
२) सध्याचा मास्क लावलेला फोटो, समोरून व बाजूने.
३) सौ. कस्तुराबाई यांच्या हाताचा फोटो.