चौथा बॅज

३ नोव्हेंबर, सोमवार

पन्नाशी उलटल्यावर परत परीक्षा! आम्हा आयाबायकांना कामं देणाऱ्या ब्युरोच्या प्रियांका मॅडमनी आज सगळ्या बायकांना बोलावून मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकून दिलं. पाच धडे, पाच बॅज. बॅज म्हणजे छातीवर लावायचा नव्हे, मोबाईलमध्येच गोल चित्र येतं. "महिनाअखेर पाच झाले नाहीत तर तुमची केस बॅजवालीला जाणार, रंभाताई." बावीस वर्षं म्हाताऱ्या माणसांचं करतेय, ते कुठल्या चित्रात बसत नाही वाटतं!

सध्या मी सांभाळते त्या नीलाआजींची केस गेली तर? दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

धड्यातलं मराठी कुठल्या गावचं कोण जाणे. 'शय्याव्रण प्रतिबंध' — पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलायची, एवढंच की! शेवटी आजींना विचारलं. नौपाड्यातल्या शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाई त्या. चष्मा लावला, मला समोर बसवलं. "अगं, पाठ नको करूस, समजून घे." चहा झाला का माझा, हे तीनदा विचारतात, पण शिकवताना शब्द चुकत नाही.

पहिला बॅज मिळाला! आजींनी टाळ्या वाजवल्या.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. संदेशला पुण्याला फोन लावला, बॅजचं सांगायला. "आई, मीटिंगमध्ये आहे." रविवारी कसली मीटिंग? मुलगा आहे, विचारत नाही. मग दिवसभर कल्याणच्या खोलीत मी आणि टीव्ही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तीन झाले, पाचवाही करून टाकला. चौथा मुद्दाम ठेवलाय. तो विसरण्याच्या आजाराचा आहे. आजींना तोच आहे, पण त्यांना त्याचं नाव कुणी सांगितलेलं नाही. त्यांचे चिरंजीव विनीतदादा सकाळी ऑफिसला जातात ते रात्री आठला येतात. पहिल्याच दिवशी बजावलंय त्यांनी, "आईसमोर तो शब्द काढायचा नाही."

आणि या धड्याला व्हिडिओ पाहिजे! पेशंटला तिचा आजार समजावून सांगताना, तीन मिनिटं. बाकीच्या बायकांनी सासूला, शेजारणीला बसवून काढले. मॅडमनी परत पाठवले — ब्युरोकडे पेशंटचा फोटो असतो, त्याच्याशी चेहरा जुळला पाहिजे म्हणे. नाहीतरी मी कुणाला बसवणार होते?

१९ नोव्हेंबर, बुधवार

होऊ नये ते झालं. मी आमटीला फोडणी देत होते. आजींनी माझा मोबाईल उचलला, राहिलेला धडा उघडला आणि वर्गात वाचतात तसा मोठ्याने वाचायला लागल्या. "तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे. वस्तू भलत्या जागी ठेवणे. ओळखीचा रस्ता चुकणे—" मग आवाजच थांबला. गॅस बंद करून धावले.

"रंभा, हे माझं आहे?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमेना. मानेनेच हो म्हटलं.

"मागच्या नवरात्रात टेंभी नाक्याला देवीला गेले, तर घरच सापडेना. एका मुलीने रिक्षात घालून आणलं. कुणाला बोलले नाही मी." मग विचारलं, "पुढे काय होतं यात?" जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. माझा हात धरून रडल्या, मीही रडले. जेवण तसंच राहिलं. मी निघताना म्हणाल्या, "मला कळलंय हे विनीतला सांगू नकोस. बिचारा किती जपून लपवतोय."

व्हिडिओ काढायचं सुचलंही नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

घाबरत घाबरत गेले. आजी खिडकीत पेपर वाचत बसलेल्या. "आलीस? चल, कोणता धडा राहिलाय?" कालचं काही म्हणजे काही आठवत नाही! चष्मा पुसला आणि मोबाईलसाठी हात पुढे केला.

चार्जिंग नाही म्हटलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मॅडमचा फोन. "एकच राहिलाय, रंभाताई! तीन मिनिटांचं काम. सांगा, काढा, पाठवा. दुसऱ्या दिवशी विसरतातच ना त्या?"

विसरतात हो. पण रडतात तेव्हा खरंच रडतात.

तरी दुपारी साखरेच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केला. केस जायला नको होती मला! आजींनी पदर सारखा केला. "फोटो काढतेयस? थांब, नीट बसू दे." हसून बसल्या.

फोटोच काढला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मॅडमना कळवलं, चारच झालेत. सोमवारपासून दुसरी येणार. आजींना काही बोलले नाही.

मी निघताना त्या दारापर्यंत आल्या. "सोमवारी जरा लवकर ये गं. तो राहिलेला धडा संपवून टाकू."

"हो, बाई," म्हटलं.