गॅस पेटवायचा राहिला

१४ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ठमे,

मी बरी आहे, तूही असशील. गुडघा काय म्हणतो? जिने कमी चढ. पत्रास कारण आहे, पण ते मागाहून. फोनवर तू माझ्या आवाजावरून लगेच ओळखतेस, म्हणून कागद.

थांब, दूध ठेवलंय, बघून येते.

आले. तापायचंय अजून. काय सांगत होते? हां, ऑफिस. तू नेहमी विचारतेस ना, सर्व्हर लिहितेस म्हणजे नक्की करतेस काय? आईचं स्वयंपाकघर आठव. बाई एक, शेगड्या चार. पाणी तापेपर्यंत ती भाजी चिरायची, भाजी शिजेपर्यंत आपल्या वेण्या घालायची. हात बांधून कशापुढेच उभी राहायची नाही. आमचा सर्व्हर तसाच. शेकडो माणसं एकदम दार वाजवतात आणि सांभाळणारा एकच. एकाचं काम अडलं की ते तिथेच ठेवायचं, दुसऱ्याचं हातात घ्यायचं, पहिल्याचं उत्तर आलं की सोडलं होतं तिथून पुढे. अशा अर्ध्यावर ठेवता येणाऱ्या कामांना को-रूटीन म्हणतात. काम सांगताना त्याच्याआधी 'अवेट' हा शब्द लिहायचा. म्हणजे याची वाट पाहा. तो राहिला, तर काम सांगितल्यासारखं दिसतं, पण सुरूच होत नाही. पातेलं ठेवलं, गॅस पेटवला नाही, तसं.

मंगळवारी तो शब्द राहिला. माझ्याकडून.

एका हॉस्पिटलमधून नातेवाइकांना निरोप जातात, 'ऑपरेशन झालं, आत या', ते आमच्या सर्व्हरवरून. सकाळभर एकही गेला नाही. माणसं बाहेर बाकांवर फोन हातात धरून बसलेली. मशीनने फक्त एक ओळ लिहून ठेवली होती, की या कामाची वाट कुणी पाहिलीच नाही.

आमची टीमप्रमुख माझ्या सुनेच्या वयाची आहे. म्हणाली, "काकू, हा नियम तुम्हीच आमच्याकडून घोटून घेतलात. आता उठाबशा कुणी काढायच्या?" सगळे हसले, मीही हसले. चूक कुणाचीही होते गं. पण मी लिहिलेली ओळ समोर असून मला तिच्यात काही चुकलेलं दिसत नव्हतं. तिने बोट ठेवून दाखवलं, तरी तो शब्द तिथे कशाला लागतो, तेच क्षणभर आठवेना. वर्षानुवर्षं शिकवलेला शब्द.

दूध अजून वर कसं येत नाही? बघते.

ठमे, गॅस पेटवलाच नव्हता.

पत्रास कारण हे. आईचं विसरणं कशापासून सुरू झालं? चष्मा, किल्ल्या सगळेच विसरतात, ते नको सांगूस. अगदी पहिलं काय होतं? तू तिच्याजवळ होतीस, तुलाच माहीत. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस.

गुरुवारी डॉक्टरांनी तपासणीला बोलावलंय. मुलाला कळवलेलं नाही, तो कामधाम सोडून धावत येईल आणि माझ्या तोंडाकडे बघत बसेल.

शाळेत माझा पियानोचा तास लांबला की तू गेटपाशी माझ्या दप्तरावर बसून राहायचीस. सिस्टर रागवायच्या, "घरी जा, अंधार पडतोय." तू म्हणायचीस, "ताई यायचीय." एवढंच, पुन्हा पुन्हा.

तशी ये. आत मी एकटी जाईन. तू बाहेर बस आणि कुणी विचारलं तर तेच सांग.

तुझी, अजून तरी तीच,
ताई