दवंडी आणि भरलेल्या घागरी

सोलापूर, सोमवार, दिवेलागण

आमच्या गल्लीत पटकीच्या साथीनं दुसरं माणूस गेलं. विहिरीच्या पाण्यातच रोग आहे, त्यात तांबडं औषध टाकायचं, तर लोक बिथरू नयेत म्हणून मीच सकाळी दवंडी पिटवली. काय अक्कल माझी. दुपारी औषध घेऊन पोचलो तर दारोदार घागरी काठोकाठ भरलेल्या. विणकराची म्हातारी म्हणाली, "डागदर, तुमचं औषध पडायच्या आत भरून घेतलं की. आता दोन-चार दिस चांगलं पानी हाय." ओत म्हटलं तर घागरीला मिठी मारून बसली.

घरी आलो. आमच्याही घागरी काठोकाठ. ही म्हणाली, "तांबडं पाणी मुलं पितील होय? दवंडी ऐकली तशी भरून ठेवलं."

सगळं ओतून दिलं. पण मुलं मघाशीच पिऊन अंगणात खेळायला गेलीत. आवाज ऐकत बसलोय. धाकट्याचा का येत नाही?