गडमुडशिंगीपेक्षा मंगळवार पेठ सरस का

तीर्थरूप मामा,

विजयसिंहाचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आणि यंदाचा काजू, दोन्ही बरे असावेत. सासूबाईंनाही नमस्कार सांगावा (त्या बोलत नसल्या तरी सांगावा).

आपली कन्या क्रांती पंधरवड्यापूर्वी "तुमची पेठ घ्या उशाला आन् झोपा" असं म्हणून आजऱ्याला आली. तिला कोल्हापूरबाहेर गडमुडशिंगीत मोठं घर हवं आणि मला कोल्हापुरातली मंगळवार पेठ सुटत नाही, एवढाच वाद आहे. जावयाच्या शब्दावर सासरा विश्वास ठेवत नाही हे जाणून मी जनगणनेची जुनी कोष्टकं काढून बसलो. दर चौरस किलोमीटरला माणसं पेठेत कितीतरी जास्त निघाली. हा गुण पेठेला दिला, कारण खिडकीतून हात काढला की शेजारची आक्का त्यात चहाचा कप ठेवते. खोल्या मात्र माझ्या हिशोबात मुडशिंगीकडे जास्त भरल्या. तो आकडा मी वजा धरला. खोल्या जास्त झाल्या की माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. आम्ही दोन खोल्यांत सगळं बोलतो (म्हणून तर क्रांती आपल्याकडे आली). साक्षरतेत निकाल माझ्या मनासारखा लागेना, सबब तो रकाना सोडून दिला. एकूणात पेठ जिंकली.

एवढ्यात नव्या जनगणनेच्या बाई दारात आल्या. घरात लग्न झालेली जोडपी किती, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, एक. तर आक्का गॅलरीतून ओरडली, "एक कुठलं? बायकू आजऱ्याला गेलीया की. अर्धं लिवा."

बाई म्हणाल्या, "मोबाईलमध्ये अर्धं बसत न्हाय. परत येणार हायत न्हवं त्या?"

मामा, मी आपला कोष्टकांचे कागद चाळत राहिलो. त्या बिचाऱ्या पाणी मागून प्यायल्या आणि अर्धा ग्लास मलाच दिला. मला फार वाईट वाटलं. तरीही आकडे आकडेच असतात, आणि पेठच सरस आहे.

आपला आज्ञाधारक जावई,
विजयसिंह

ता. क. मुडशिंगीत चार खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं आहे. सामान काल हलवलं. क्रांतीला एसटीत बसवून द्यावं, ही विनंती.

ता. क. २. या पत्राची एक प्रत पेठेतल्या तालमीच्या फळ्यावर लावली आहे, अर्थात ताज्या कलमांशिवाय. मी पेठ सोडली हे तिथं अजून कुणाला सांगितलेलं नाही. क्रांतीला मात्र फक्त ताजी कलमंच वाचून दाखवा. ती नसताना मला दोन्हीकडे सारखंच करमत नाही.