गुण दिलेली मतपत्रिका

दि. ११ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

शेवटच्या जागेचाही निकाल लागला. निरीक्षक म्हणून आलेल्या निवृत्त न्यायाधीशांनी दुपारी सही केली आणि मी माइकवरून जाहीर केलं. विद्यापीठाच्या अधिसभेवर पदवीधरांच्या गटातून पाचवे निवडून आले ते आपल्या गावचे छापखानेवाले, तुझे एके काळचे विद्यार्थी. तुझी जिवाभावाची मैत्रीण, आपली मुख्याध्यापिका मावशी, एका मताने हरली. फोन करणार होते, पण फोनवर मी नुसती हं हं करते अशी तुझी तक्रार. म्हणून पत्र.

निवडणूक अधिकारी म्हणून ही माझी पहिलीच निवडणूक. व्यायामशाळेत मोजणी होती. मतपत्रिका उडतात म्हणून पंखे बंद, आणि उमेदवारांचे प्रतिनिधी इतके खेटून उभे की माझ्या कानाला त्यांचे श्वास लागत होते. शेवटी मावशी आणि छापखानेवाले समसमान, आणि टेबलावर वादाची एकच मतपत्रिका उरली.

या निवडणुकीत आवडत्या उमेदवारापुढे १ लिहायचा, त्याखालोखाल २, मग ३. या मतदाराने मात्र सगळ्यांना दहापैकी गुण दिले होते! मावशीला १०, कुणाला ७, कुणाला ४, एकाला चक्क साडेसहा. आणि छापखानेवाल्यांना १.

मावशीचा प्रतिनिधी म्हणाला, दहाच्या आकड्यातसुद्धा एक असतोच की, तो धरा. सगळे हसले. मी हसू शकले नाही. ते अक्षर, विशेषतः साताच्या पोटातली आडवी रेघ, मला ओळखीची वाटली. मी निरीक्षकांना बाजूला घेऊन सांगितलं की या मतपत्रिकेचा निर्णय मी करणं बरोबर नाही. का, ते त्यांनी विचारलं नाही. चष्मा पुसला, नियम वाचला आणि म्हणाले, १ हा आकडा स्पष्ट आहे आणि एकाच नावापुढे आहे, मत छापखानेवाल्यांचं. मतदाराच्या मनात काय होतं हे विचारायला आपण बसलेलो नाही.

मी तुला काही विचारत नाहीये. तूही सांगू नकोस. गुडघ्याला तेल लावतेस ना?

लोभ आहे, तो या पत्राने एका मतानेही घटू नये.

तुझी,
थोरली

*

दि. १५ मार्च

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सांगू नकोस म्हणालीस, तर सांगत नाही. पण समज, एखादी बाई आहे. तिने जन्मभर वर्गात शिकवलं. मतदान केंद्रात भिंतीवर सूचना लावल्या होत्या, त्या तिने वाचल्या नाहीत, कारण सूचना द्यायची सवय, वाचायची नाही. समोर कागद, त्यावर नावं, नावांपुढे रिकामे चौकोन. हातात पेन आलं की तो हात दुसरं काय करणार? पाच मिनिटं विचार करून तिने प्रत्येकाला न्याय दिला. साडेसहावाल्याला तर सात द्यावेत की सहा, यावर ती इतकी रेंगाळली की मागच्या माणसाने खोकून दाखवलं. आणि ज्या कार्ट्याने शाळेत एकदाही गृहपाठ आणला नाही त्याला तिने ठरवून एक दिला. तो तुमच्याकडे पहिला येतो, हा कुठला हिशेब गं?

आता खरं सांगते. काल मुख्याध्यापिका आली होती. निवडून आले असते तर ग्रंथालय रविवारी उघडं ठेवायला लावलं असतं, म्हणाली. वर्षभर दारोदार फिरली होती त्यासाठी. मग म्हणाली, असा कोण गं दीडशहाणा असेल, मतपत्रिकेवर गुण देणारा? मी म्हणाले, असतात एकेक. आणि तिला आणखी चहा ओतला. ती तीन वेळा नको म्हणाली तरी ओतला.

अध्यापन महाविद्यालयात एका बाकावर बसलो तेव्हापासून मी तिच्याशी खोटं बोललेले नाही. तिला सांगितलं तर ती हरकत घेईल, आणि ते तुझ्या पहिल्या निवडणुकीवर येईल. नाही सांगितलं तर तिच्यासमोर बसू कशी? तूच सांग काय करू.

जेवत जा वेळेवर. तुझ्या ऑफिसातल्या कपाटात बिस्किटांशिवाय काही नसतं, हे मला ठाऊक आहे.

माया आहे, ती मागायची गरज नाही.

तुझी,
आई

*

दि. १९ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

निवडणूक अधिकाऱ्याला तुझं पत्र मिळालेलंच नाही. लेकीला मिळालं. ती इतकी हसली की शिपाईमामा दार उघडून बघून गेले.

आता मुद्द्याचं. मत गुप्त ठेवणं हा तुझा हक्क आहे, आणि सांगणं हासुद्धा. हरकत घ्यायची मुदत २८ तारखेला संध्याकाळी संपते. मावशीने अर्ज दिला तर मी तो नीट शिक्का मारून घेईन. ती मतपत्रिका बाद ठरली तर दोघं पुन्हा समसमान होतील आणि चिठ्ठी टाकावी लागेल. कुलसचिव सगळ्यांना सांगत सुटलेत की इतकी बिनतक्रार निवडणूक आजवर झाली नव्हती, आणि मलाही ते ऐकायला गोड वाटतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या कौतुकासाठी तू मावशीसमोर मान खाली घालून बसावंस, हे मला चालणार नाही.

तेव्हा सांगून टाक. चहा ओतणं थांबव आणि सांग.

चूकभूल माफ करण्याइतका लोभ दोन्हीकडून असो.

तुझी,
थोरली

*

दि. २७ मार्च

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सांगितलं. पण जसं ठरवलं होतं तसं झालं नाही.

मी तिच्याकडे जायला चपला घालतच होते, तेवढ्यात ती आपणहून आली. तिच्या मागोमाग छापखानेवालाही दारात. मतदारांचे आभार मानत फिरत होता. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, बाई, तुमचं मत मला नसणार, तरी आशीर्वाद द्या. मग माझ्याने राहवेना. म्हटलं, बस. तूही बस गं. आणि दोघांसमोर सगळं सांगून टाकलं.

मग तो कार्टा म्हणतो, बाई, शाळेत तुम्ही मला भोपळा द्यायचात, म्हणजे एक ही प्रगतीच आहे! मला हसू फुटत होतं, पण मुख्याध्यापिकेकडे बघायचा धीर होत नव्हता. तिने एवढंच विचारलं, मला किती दिलेस? म्हटलं, दहा. तर म्हणाली, खोटं. तू जन्मात कुणाला दहापैकी दहा दिले नाहीस. माझ्या पाठाचं निरीक्षण केलंस तेव्हासुद्धा फळा तिरका पुसला म्हणून साडेआठ दिले होतेस. मी शपथेवर सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले, आणि मग जी हसायला लागली ती पदर तोंडात कोंबूनही थांबेना. मला म्हणाली, गाढवे, हे आधी सांगितलं असतंस तर मी उभीच राहिले नसते, मला हवं ते घरीच मिळालं होतं.

हरकत घेणार नाही म्हणते. मी दोनदा सांगितलं की माझ्या लेकीसाठी गप्प बसू नकोस. तर म्हणाली, तुझ्या लेकीसाठी नाही, ग्रंथालयासाठी. कारण छापखानेवाल्याने तिथेच, माझ्या ओट्यावर बसून, तिच्याकडून रविवारचा ठराव लिहून घेतला. पहिल्याच बैठकीत तो मांडणार आहे. तिने त्याला तीन वेळा मोठ्याने वाचायला लावला.

हे पत्र तुला मिळेपर्यंत मुदत संपलेली असेल. बैठक सहा एप्रिलला आहे म्हणे. आम्ही दोघी आदल्या दिवशी तुझ्याकडे उतरतो आणि प्रेक्षकांच्या बाकावर बसतो. ठरावाला अनुमोदन कोण देणार ते अजून ठरलेलं नाही. कुणीच उठलं नाही तर मुख्याध्यापिका मागच्या बाकावरून उभी राहणार आहे. तिला खाली बसवायचं काम तुझं, मला जमणार नाही.

भेटीपर्यंत माया अशीच राहू दे, भेटल्यावर मी बघून घेईन.

तुझी,
आई