कमानीतली खाच

चाचा, आधी तक्रार. आपल्या गॅरेजात आता चहा कागदी कपात देतात. बशी नाही. ओतायचा कशात, फुंकर मारायची कशावर? एका संस्कृतीचा अंत मी जीभ भाजून घेत पाहतेय आणि शासन गप्प आहे.

पण लिहायचं कारण वेगळं. अण्णांच्या मागे बापाची एजन्सी चालवणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला पुढच्या बाजूला काचा लावायच्यात, कमानीतली खाच बुजवायचीय, आणि आत पाटी हवीय: केजातल्या पहिल्या मोटार एजन्सीचा इतिहास. मजकूर माझ्याकडे, कारण पेपरात लोकांची उणीदुणी मी काढते. एक वाक्य त्यानं तयारच दिलं: ‘अण्णांनी दूरदृष्टीनं कमानीला खाच ठेवली.’

दूरदृष्टी! अण्णांनी दगडी कमान बांधली जीपच्या मापानं. पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा मी नऊ वर्षांची, मडगार्डवर बसलेली. आत पूजा मांडलीय, युसूफ वडगावहून आलेले गिऱ्हाईक पाटील हार घेऊन उभे, आणि ट्रॅक्टरचा उभा सायलेन्सर कमानीला अडलाय. अण्णा म्हणतात, "सायलेन्सर काढा." तुम्ही हेडमिस्त्री, हात पुसत पुढं येता.

"आज काढू शेठ. उद्या दुसरा येईल, त्याचंबी नाक कापायचं? कावून? चूक कमानीची हाय. कमान कापा."

"मिस्त्री, पाटलांसमोर बोलताय!"

"मग पाटलांच्या माघारी ट्रॅक्टर आत जाईल का?"

पाटील खो-खो हसले. छिन्नी तुम्हीच घेतलीत, आणि दुपारपर्यंत ट्रॅक्टर आत.

कॉलेजात असताना एजन्सीच्या वर्धापनदिनी भाषण मी ठोकलं. ‘दूरदृष्टी’ हा शब्द माझाच, चाचा. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असून. तुम्ही पहिल्या रांगेत टाळ्या वाजवल्यात. नंतर म्हणालात, "बेटी, लई गोड बोललीस." एवढंच. त्यापेक्षा पाना फेकून मारला असतात तर परवडलं असतं.

परवा भावाशी वाजलं. "ताई, चाचांचं नाव टाकलं तर अण्णांचं काय राहील?"

"कमान राहील, आणि तिची चूक राहील. दोन्ही त्यांचीच."

"लोक हसतील."

"पाटीलही हसले होते. ट्रॅक्टर घेऊनच गेले ना? खाच बुजणार न्हाई. काच कापून घे."

आज पाटी लागली. ही खाच कुणी पाडली ते लिहिलंय, पुढं तुमचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तुम्ही गेलात तिथं पत्र पोचवणारी पेटी नाही, म्हणून घडी करून ठेवते. एवढंच सांगायचं राहिलं: ते नाव मला माहीत नव्हतं, चाचा. काल तुमच्या नातीला विचारून घेतलं.