एकमताने मंजूर

बाबा, आज ग्रामसभा झाली आणि घरी येऊन मी हे पत्र लिहायला बसले. तुम्ही गेलात त्यानंतर तुमची मुलगी गावाची सरपंच झाली, हे तुम्हाला ठाऊक नाही. जागा महिलेसाठी राखीव निघाली, शेतकऱ्यांच्या दोन गटांचं एकमेकांच्या उमेदवार बायकांवर एकमत होईना, आणि मधल्या मध्ये आपल्या मासे धरणाऱ्यांच्या एकोणीस घरांतली मी दोघांनाही चालले. तुमच्या वेळी भिंतींवर वेगळ्या विदर्भाच्या घोषणा असत. आता गोष्ट त्याच्याही पुढे गेली आहे. शहरं एकीकडे आणि खेडी एकीकडे, असे स्वतःचा कारभार स्वतः पाहणारे विभाग राज्यात पाडा, ही मागणी घेऊन काही मंडळी गावोगाव हिंडतात. खेड्यांचा विभाग झाला की जंगल, पाणी, तलाव, सगळ्याचा निर्णय इथेच, हात वर करून. त्यासाठी त्यांना प्रत्येक गावाचा ठराव हवा आहे. आज आपल्या गावाची पाळी होती.

हात वर करून म्हटलं की मला मी चौथीत होते ते वर्ष आठवतं. तलावाच्या पायऱ्यांजवळचा तो काळा दगड. दगडाच्या वरचं पाणी धानाचं, खालचं मासोळ्यांचं. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळत. त्या वर्षी पावसाने लवकर पाठ फिरवली, धान निसवायला, लोंबीवर आलेलं, आणि गावाने बैठक बसवून ठरवलं की पाणी तळापर्यंत सोडायचं. तुम्ही एकटे भांडलात. तिसऱ्या दिवशी चिखलात मासोळ्या पांढरी पोटं वर करून पडल्या आहेत, आई मिळतील तेवढ्या पदरात भरून आणते आहे, चुलीवर कालवण चढवते आहे, आणि तुम्ही ताट सरकवून देता. दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून तुम्ही मला घेऊन साकोलीहून भंडाऱ्याच्या एसटीत बसलात. मी शहाणपणाने विचारलं, "गावचं भांडन गावातच काहून नाही मिटवत?" तुम्ही इतक्या जोरात खेकसलात की पुढच्या सीटवरची बाई वळली. "गावात हात मोजतेत, पोरी. आपले हात कितीक?"

कलेक्टर ऑफिसातल्या साहेबाने नाकाला रुमाल लावला होता, तुमच्या मासोळ्यांच्या पिशवीचा वास येत होता म्हणून. त्याला मासोळीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आपण कोण, कुठल्या वस्तीचे, कुणाच्या बांधावरून जातो, हेही त्याला ठाऊक नव्हतं, आणि तेच आपल्या कामी आलं. त्याने गावातल्या शेतकऱ्यांनाही बोलावून दोन्ही बाजूंचं ऐकलं आणि दगडाखालचं पाणी सोडायचं नाही असा कागद लिहून दिला. त्या कागदावर आपली घरं आजवर जगली. त्या दिवशी येताना तुम्ही मला स्टँडवर भजी घेऊन दिलीत आणि स्वतः एकही खाल्लं नाहीत.

आज शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली होती. एक तरुण शेतकरी बोलायला उठला, बोलतो छान. "शहरातल्या सायबाले धान झाडाले लागते का वेलाले, थे मालूम नाही. अन् थोच आपल्यासाठी नियम बनवून राहिला!" सगळे हसले, मीही हसले. तो खोटं बोलत नव्हता. दवाखान्यात डॉक्टर टिकत नाही, बाळंतपणाला बाई न्यायची तर गाडी शोधत फिरावं लागतं, हे मी रोज पाहते. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आता तलावाचंही आपनच पाहू. कोन्या सायबाचा कागद नाही लागनार. बरोबर ना, मॅडम?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. आपली माणसं दाराशी बसली होती. काकू गुडघे पोटाशी घेऊन माझ्याकडे एकटक बघत होती. ग्रामसेवकाने विचारलं, "कोनाचा विरोध?" एकही हात वर गेला नाही. त्यांनी रजिस्टरात लिहिलं, "एकमताने मंजूर", आणि वही माझ्यासमोर सरकवली. मी सही केली. उद्या सकाळी ठरावाचे कागद तालुक्याला जातील.

घरी येताना काकूने मला बोअरवेलपाशी गाठलं. "बोलली काहून नाही वं?"

"तुमच्यातलं कोनी उठलं नाही, काकू. एकजन उठला असता तं मी त्याले बोलू दिलं असतं."

तिने बादली खाली ठेवली. "तू खुर्चीवर होतीस, बाई. तू बोलशील म्हनून आमी चूप रायलो."

बाबा, मला फार भीती वाटते आहे. पुढच्या कोरड्या वर्षी पुन्हा हात मोजतील आणि या वेळी एसटीत बसून जायला कुठलं ऑफिस उरलेलं नसेल. हे पत्र मी कुठे टाकणार? टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं, कारण काकूला मी जे सांगितलं ते खोटं होतं. मी कुणाची वाट बघत नव्हते. तो पोरगा मॅडम म्हणाला होता, सगळे कौतुकाने माझ्याकडे बघून हसत होते, आणि त्या क्षणी मला आपला काळा दगड आठवलाच नाही. मी विरोध केला तर ते हसणं थांबेल, एवढीच भीती वाटली.